कमी पटाची शाळा: पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. वर्ग पहिली ते पाचवी, खोल्या दोन, आणि पट एवढा की हजेरी घ्यायला हजेरीपट उघडावा लागत नाही. पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि आसपासच्या तालुक्यांतले नवे शिक्षक फोनवर तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

१. पट, दाखल आणि हजेरी, हे एकच आहे का?

नाही. मुलाचं नाव पहिल्यांदा जनरल रजिस्टरमध्ये चढतं, त्याला आपण दाखल-खारीज म्हणतो. तो कायमचा कागद आहे. त्यातून यंदा जे शाळेत आहेत त्यांची वर्गवार संख्या म्हणजे पट. आणि आज वर्गात किती बसले ती हजेरी. सरकारी तक्त्यात दिसतो तो पट, आणि खिचडीचा तांदूळ शिजतो हजेरीवर. बरेचसे वाद या दोन आकड्यांची सरमिसळ झाल्यानं होतात.

२. पहिलीत नाव घालायला वय किती लागतं, कागद कोणते?

त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर पहिली. जन्माचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर दवाखान्याची किंवा एएनएमची (आरोग्यसेविकेची) नोंद, अंगणवाडीची नोंद, तेही नसेल तर आईवडिलांचं लेखी प्रतिज्ञापत्र चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. हा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून.

एक विनंती आहे. "लिहा ना सर काहीतरी १ जून" असं सांगू नका. पूर्वी अशा कितीतरी तारखा १ जून किंवा १ जुलै लिहिल्या गेल्या. गावातली निम्मी म्हातारी माणसं कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली आहेत, आणि निवृत्तिवेतनाच्या वेळी ते सगळ्यांना भोवतं.

३. आधार कार्ड नाही, मग नाव घेणार की नाही?

घेणार. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. मग आम्ही आधारसाठी एवढं मागे का लागतो? कारण शिक्षकांची संख्या ठरवताना ऑनलाइन पटावर आधार जुळलेली मुलं पाहिली जातात. म्हणजे आधार नसलेलं लेकरू वर्गात हक्कानं बसतं, खिचडीही खातं, पण शिक्षक मोजताना ते धरलं जाईल की नाही याची धास्ती आम्हाला असते. नावात एक वेलांटी चुकली तरी आधार जुळत नाही. आधारच्या कॅम्पला जाताना शाळेच्या रजिस्टरवरचं नाव इथून कागदावर लिहून न्या.

४. पट कोणत्या तारखेचा धरतात?

३० सप्टेंबरचा. संच मान्यता, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणारा कागद, त्या दिवशीच्या पटावर निघते. देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायसलाही वर्षानुवर्षं तीच तारीख होती. आता तिथं प्रत्येक मुलाची वेगळी नोंद असते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्राचा क्रमांक २७ नं सुरू होतो. शाळेच्या दारावर किंवा फलकावर तो लिहिलेला सापडेल.

आता या तारखेकडे आपल्या शेतीतून पाहा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी राज्याच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्या वेळी पेरणी, मग डवरणी आणि निंदण. पोळा होतो, गणपती येऊन जातो. ३० सप्टेंबरला सोयाबीन कापणीच्या तोंडावर असतं, बोंडं फुटायला लागलेली असतात, आणि सगळं गाव गावात असतं. पट भरलेला दिसतो. नंतर सोयाबीन निघतं, कापूस वेचणी लागते, दिवाळी होते आणि घरं कुलूपबंद व्हायला लागतात. जानेवारीत कुणी अधिकारी आले तर पट आणि हजेरीतली तफावत पाहून भुवया उंचावतात. पट खोटा नसतो. तो फक्त वर्षातल्या सर्वांत भरलेल्या दिवसाचा असतो.

खोटा पट कुठं नव्हताच असं मी म्हणणार नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर एकदम पटपडताळणी झाली ती त्यासाठीच. बोटाला शाई लावून पोरं मोजली होती. पण त्या वेळचा संशय छोट्या शाळेवर आजही ठेवला जातो, तेव्हा राग येतो. सतरा पोरांत एक खोटं नाव लपवायचं कुठं?

५. दिवाळीनंतर आम्ही कामाला बाहेर जातो. लेकराचं नाव कापता का?

कापत नाही. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण सलग महिनाभर गैरहजर राहिलं की ते शाळाबाह्य धरलं जातं आणि बालरक्षक म्हणून नेमलेले शिक्षक शोध घेतात. म्हणून जाण्याआधी सांगून जा.

आपल्याकडे प्रत्येक पट्ट्याचं स्थलांतर वेगळं. पुसद, दिग्रसकडचे तांडे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. मेळघाटातले कोरकू सोयाबीन-हरभऱ्याच्या हंगामात खालच्या सपाटीवर उतरतात, गडचिरोलीतून मिरची तोडायला तेलंगणात जातात, वीटभट्ट्या तर सगळीकडेच आहेत. त्यासाठी दोन सोयी आहेत. आजीजवळ लेकरू ठेवून जाणार असाल तर काही जिल्ह्यांत शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालतं. सोबत नेणार असाल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक न्या. त्यावर लेकराची इयत्ता आणि त्याला काय येतं हे लिहिलेलं असतं. तिथल्या शाळेनं ते पाहून बसवून घ्यायचं आणि परत आल्यावर आम्ही पुढं चालवायचं. टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, काढू नका. चार महिन्यांसाठी टी.सी. काढली की लेकरू इकडच्या पटावरही नाही आणि तिकडच्याही नाही, असं होऊन बसतं.

६. एवढ्या कमी पोरांना दोन-दोन शिक्षक काहून?

हा प्रश्न सहसा ज्याची मुलं कॉन्व्हेंटला, म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, आहेत तो विचारतो. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे. म्हणजे सात मुलं असोत की साठ, शिक्षक दोनच. राज्यानं १५ मार्च २०२४ ला संच मान्यतेचे निकष बदलले, तेव्हा सर्वांत जास्त फटका वीसच्या आतल्या शाळांच्या दुसऱ्या शिक्षकाला बसला. पुढं त्या जागेवर कंत्राटी नेमणुकांचेही निर्णय निघाले, त्यावर आंदोलनंही झाली. म्हणून आपल्या शाळेला आज किती पदं मंजूर आहेत हे ऐकीव सांगण्यापेक्षा चालू वर्षाची संच मान्यता मुख्याध्यापकांकडे मागा. एक पानाचा कागद असतो.

दोन शिक्षक का, याचं व्यवहारातलं उत्तर असं. एक जण शाळांच्या केंद्राच्या बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की शाळा एकशिक्षकी होते. २०२४-२५ च्या यू-डायस अहवालात देशात १,०४,१२५ शाळा एकशिक्षकी होत्या, त्यांतल्या ८,१५२ महाराष्ट्रातल्या. एखाद्या दिवसापुरत्या एकशिक्षकी होणाऱ्या शाळा त्यात मोजलेल्या नाहीत.

७. वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद होते काय?

आपोआप नाही. शाळा बंद करण्यासाठी कायद्यात पटाचा कोणताही आकडा नाही. नियमांत अंतराचा आहे. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. 'वीस' हा आकडा महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांतून येतो. नवी शाळा उघडायची तर त्या वयाची किमान वीस मुलं हवीत, असं त्यात आहे. उघडण्याची अट हळूहळू बंद करण्याची अट असल्यासारखी बोलली जाऊ लागली.

भीतीला कारण मात्र आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अनेक छोट्या शाळांची मिळून एक शाळा, उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत दाखवलं. तेव्हा राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं. भागाकार केला तर शाळेमागं साडेबारा. शाळा लांब गेली तर वाहतूक भत्ता मिळतो, समग्र शिक्षा योजनेमधून वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत. पण भत्ता मिळाला तरी ऑटो मिळायला हवा ना. नकाशावर दीड किलोमीटर दिसणारी शाळा मधल्या नाल्याला पूर आला की पलीकडच्या तीरावर राहते. भामरागडच्या लोकांना पर्लकोटा नदीबद्दल विचारा.

आणि अगदी तळाचं उदाहरण वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरचं. २०२३ च्या सुरुवातीला ती शाळा देशभर बातम्यांत होती. दीडशेच्या आसपास वस्तीचं गाव, शाळेत एक विद्यार्थी आणि एक शिक्षक. रोज राष्ट्रगीत व्हायचं, तास व्हायचे, शाळा चालू होती.

समायोजनाचा, म्हणजे शाळा दुसऱ्या शाळेत मिळवण्याचा, कागद आलाच तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सर्वांत आधी करा. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ठरावात अंतर पायवाटेनं किती, मधे नाला, जंगल की राज्य महामार्ग, हे लिहा. "आमची शाळा बंद करू नये" एवढंच लिहिलेला ठराव फाइलमध्ये जातो आणि तिथंच राहतो.

८. पूर्वी शंभर पोरं होती म्हणतात. गेली कुठं?

एका कारणानं झालेलं नाही. पहिलं कारण कुणी बोलत नाही, ते म्हणजे घरात लेकरंच कमी जन्मतात. आजोबांची सहा भावंडं, बापाची तीन, आता एक किंवा दोन. दुसरं, पिवळी गाडी. सकाळी गावाच्या पाटीपासून इंग्रजी माध्यमाची गाडी निघते आणि तीन गावांतली पोरं घेऊन तालुक्याला जाते. आपल्याकडं तिला सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात, तिथं एकही सिस्टर नसली तरी. तिसरं, जमीन परवडत नाही म्हणून तरुण जोडपी नागपूर-पुण्याला गेली, त्यांची लेकरं तिकडेच जन्मली.

आणि काही शाळा आधीपासूनच लहान आहेत, कारण वस्तीच लहान. कोलामांचा पोड, बंजाऱ्यांचा तांडा, पूर्वेकडं टोला, मेळघाटात ढाणा. तीस घरांच्या पोडावर शंभराचा पट कधीच नव्हता. त्या शाळेला 'पट घसरलेली' म्हणणं अन्यायाचं आहे.

एक गोष्ट मला खटकते. एकाच घरातला मुलगा गाडीत बसतो आणि मुलगी आमच्याकडे येते. त्यामुळे काही वर्गांत मुली जास्त दिसतात आणि पाहुणे येऊन "वा, मुलींचं प्रमाण चांगलं आहे" म्हणतात.

९. यंदा तिसरीत एकही मूल नाही. शाळा अपुरी समजायची का?

नाही. गावात त्या वर्षी पाळणा हलला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही रिकामी जागा दर वर्षी एक पायरी वर सरकते. यंदा तिसरी, पुढच्या वर्षी चौथी, मग पाचवीतून बाहेर. अंगणवाडीताईच्या वहीवरून पुढच्या पाच वर्षांचा पट बऱ्यापैकी सांगता येतो. गुढीपाडव्याला 'पट वाढवा' म्हणून ढोल वाजवत फेरी काढतो तेव्हा दाखलपात्र लेकरांची यादी आमच्या खिशात आधीच असते. फेरी त्यांच्या आईबापांसाठी असते.

१०. पट कमी म्हणून पुस्तकं, खिचडी, पैसे कमी मिळतात का?

पुस्तकं आणि गणवेश मुलामागे, ते पूर्ण मिळतात. खिचडीला पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपुढं १५० ग्रॅम. दहा लेकरांचा किलोभर तांदूळ शिजवायलाही चूल तेवढीच पेटवावी लागते, त्यामुळे खिचडी शिजवणाऱ्या ताईंचे कष्ट अर्धे होत नाहीत. शाळेचं संयुक्त अनुदान मात्र पटावर आहे. ३० पर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. त्या दहा हजारांत वीजबिल, खडू, झाडू, शौचालयाची दुरुस्ती, सगळं.

११. शाळेच्या तक्त्यात बंजारा, बौद्ध मुलं कोणत्या रकान्यात? बेरीज जुळत नाही.

सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत गुंत्याचा प्रश्न.

केंद्र सरकारच्या तक्त्यात सामाजिक प्रवर्ग चारच आहेत: खुला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग. विमुक्त जाती आणि भटक्या जमाती हे आपल्या राज्याचे वेगळे प्रवर्ग. तिकडं त्यांचा रकाना नाही, म्हणून बंजारा किंवा धनगर मूल साधारणपणे इतर मागासवर्गात मोजलं जातं. राज्याच्या शिष्यवृत्तीच्या यादीत तेच मूल विजा-अ किंवा भज-क मध्ये असतं. म्हणून दोन कागदांवर 'ओबीसी' आकडा वेगळा. चूक कुणाचीही नाही.

अल्पसंख्याक हा धर्माचा रकाना, जातीच्या बेरजेत तो मिळवायचाच नाही. नवबौद्ध मूल १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतही येतं आणि धर्मानं बौद्ध म्हणून अल्पसंख्याकातही. ते दोन रकान्यांत दिसतं, पण पटावर एकच आहे. मुख्याध्यापक नवे असले की बेरीज पटापेक्षा जास्त येते ती इथंच.

सीमेवरचा घोळ वेगळा. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. आदिलाबादहून मामाकडे शिकायला आलेल्या लेकराच्या टी.सी.वर 'एस.टी.' असतं. टी.सी.वरची नोंद आम्ही जशीच्या तशी घेतो, पण महाराष्ट्रातल्या सवलतींसाठी महाराष्ट्राचा प्रवर्ग लागतो, त्याला तहसीलमार्फतच जावं लागेल.

मातृभाषेचा रकाना मात्र सगळे घाईत भरतात आणि सरसकट 'मराठी' लिहितात. कोलामी, गोंडी, कोरकू, गोरमाटी बोलणारं लेकरू पहिलीत गप्प का बसतं याचं उत्तर त्या एका रकान्यात असतं. प्रवेशाच्या वेळी घरी काय बोलता ते बिनधास्त सांगा.

१२. माहिती अधिकारात मुलांची जातनिहाय यादी मागितली तर देता का?

आकडे देतो, नावं देत नाही. वैयक्तिक माहितीला माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) खाली संरक्षण आहे. छोट्या शाळेत आकडासुद्धा जपून द्यावा लागतो. दुसरीत दोनच मुलं आणि त्यातलं एक अनुसूचित जमातीचं असं वर्गवार छापलं, की ते कोण हे अख्ख्या गावाला कळतं. दिव्यांग मुलांच्या रकान्याचं तर अधिकच. म्हणून मी फलकावर पूर्ण शाळेचे एकत्र आकडे लावतो, वर्गवार लावत नाही. गावाचं नाव इथं न लिहिण्याचं कारण हेच.

१३. "शाळेचा पट १२ टक्क्यांनी घसरला" असं पेपरात आलं. काय करायचं?

आधी टक्का सोडून डोकी मोजा. पट १७ चा १५ झाला की साधारण १२ टक्के घसरण होते. ती दोन लेकरं एकाच घरची असतात आणि वडिलांची बदली झालेली असते.

१४. मुलाचं नाव कॉन्व्हेंटला आहे, पण गाडी बंद झाली म्हणून तुमच्याकडे बसवलं तर चालेल?

बसवा, पण नाव एकाच ठिकाणी ठेवावं लागेल. दोन शाळांत एक आधार चालत नाही, ऑनलाइन लगेच अडतं. तिकडची टी.सी. मागा. फीच्या थकबाकीवरून टी.सी. अडवली तरी घाबरू नका. टी.सी. उशिरा येते म्हणून आम्ही प्रवेश नाकारू शकत नाही, कलम ५ नुसार. आणि वयानुसार वर्ग मिळतो, मागं राहिलेलं आम्ही भरून काढतो (कलम ४). वर्षाच्या मधे आलात तरी चालतं.

१५. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांत नंबर लागला. जाऊ का?

तुमचा हक्क आहे, मी अडवणार नाही. सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना त्यातून वगळणारी दुरुस्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली होती. ती मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये रद्द केली. फक्त गाडीभाडं, बूट, वह्या यांचा हिशेब आधी विचारून घ्या.

१६. चौथी किंवा पाचवीनंतर पुढं काय?

आपल्याकडे अजून बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच आहेत. मग मोठ्या गावच्या शाळेत. मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास आहे. बस वेळेवर येते का, हे प्रवेश घेण्याआधी थांब्यावर दोन दिवस उभं राहून पाहा.

१७. शाळा बंद झाली तर आजोबांच्या दाखल्याचं काय?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जात पडताळणीच्या धावपळीत असतात. पडताळणीत ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. एवढं जुनं काही घरात नसतं. तहसीलमध्ये कोतवाल पंजी (गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही) सापडते किंवा शाळेचं दाखल-खारीज. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या, त्याआधीच्या काही पानांवर जनपद सभेचा (तेव्हाच्या स्थानिक संस्थेचा) शिक्का असतो.

शाळा बंद किंवा समायोजित झाली तर तिचं रजिस्टर ज्या शाळेत मुलं गेली तिथं किंवा केंद्रशाळेत जमा होतं. तिथं सापडलं नाही तर गट शिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात आजोबांचं नाव त्या काळी लिहायचे तसं लिहा, आडनावाशिवाय: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव. आमच्याकडच्या सर्वांत जुन्या वहीची पानं वाळवीनं कडेनं खाल्ली आहेत, मधली मजकुराची बाजू शाबूत आहे. पाहायला येणार असाल तर शनिवारी सकाळी या, इतर दिवशी वही काढायला वेळ मिळत नाही.